नऊशेला शंभर

लांब मानेच्या चंबूत नऊशे मिलिलिटर द्रावण मोजून ओतल्यावर तिने त्यात उकळून गार केलेले पाणी सोडायला सुरुवात केली. शेवटचे थेंब पिपेटने, एकेक करून. पाण्याचा खालचा बाक काचेवरच्या निशाणीला टेकला तेव्हा तिचा डोळा निशाणीच्या बरोबर समोर होता, गुडघे किंचित वाकलेले होते आणि श्वास रोखलेला होता. सूड घ्यायचा तर तोही मोजूनमापून. अंदाजे पाणी ओतून हात झटकणाऱ्यांतली ती नव्हती.

बूच लावून तिने चंबू वीस वेळा उलटासुलटा केला, द्रावण तपकिरी बाटलीत भरले आणि लेबल लिहिले. थायोसल्फेट, ताकद ०.१, आजची तारीख, बनवणारी म्हणून स्वतःची सही. ताकद ठरवणाऱ्याच्या सहीची जागा मोकळी ठेवली. खरी ताकद आता दहा टक्क्यांनी कमी होती आणि हे जगात एकट्या तिलाच ठाऊक होते.

दुपारी ही बाटली तपासनीस बाईंसमोर टेबलावर येणार होती. शहराच्या पाणीखात्याच्या या प्रयोगशाळेची मान्यता दर तीन वर्षांनी नव्याने तपासली जाई, आणि यंदाची तपासणी नेमकी मुख्य रसायनतज्ज्ञांच्या निवृत्तीच्या आठवड्यात आली होती. त्यांना पाठीमागे सगळे थेंबसाहेब म्हणत. ब्युरेटच्या उभ्या नळीतून थेंबथेंब द्रावण सोडायचे आणि खालच्या चंबूतला रंग नेमका कोणत्या थेंबाला जातो ते बघायचे, या टायट्रेशनच्या कामात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. बाकीच्यांची तीन वाचने एखाददुसऱ्या थेंबाने इकडेतिकडे व्हायची. साहेबांची तिन्ही दशांशापर्यंत सारखी. नव्याने लागलेल्या माणसाला पहिल्या दिवशी हजेरीच्या वहीआधी ही कथा ऐकवली जाई.

द्रावणबाई हे तिचे नाव साहेबांनीच पाडले होते, आणि इतके चिकटले होते की पगाराच्या दिवशी खिडकीतला कारकूनही त्याच नावाने हाक मारी. अकरा वर्षे ती फक्त द्रावणे बनवत होती, काचेची भांडी धूत होती, लेबले चिकटवत होती. त्याआधी ती तपासणीच्या टेबलावर बसायची. साहेबांनीच शिकवले होते तिला. मनातल्या मनात शिव्या देतानाही ती त्यांना अहोजाहो करी, त्याचे हेच कारण असावे.

अकरा वर्षांपूर्वी एका दुपारी टेकडीवरच्या टाकीचा नमुना तिने स्वतः भरून आणला होता. पाण्यात क्लोरीन असायला हवे त्याच्या पावपटही निघाले नाही. तिने दोनदा करून पाहिले, दोन्हीदा तेच. साहेबांपुढे कागद ठेवला, आणि टाकीखालच्या वस्तीत राहणाऱ्या आईला फोन करून सांगितले की पाणी उकळून पी. साहेबांनी तोच नमुना हातात घेतला, टायट्रेशन केले, चारचौघांत तिच्या आकड्यावर लाल रेघ मारली आणि शेजारी चांगला घसघशीत आकडा लिहिला. घाई नडली तुझी, असे म्हणाले. रागावलेसुद्धा नाहीत. संध्याकाळी तिने आईला पुन्हा फोन केला. उकळत बसू नकोस, गॅस कशाला जाळतेस, माझंच चुकलं होतं.

वस्तीत कावीळ पसरली. आई तिसऱ्या आठवड्यात गेली.

चौकशी झाली तेव्हा साहेबांनी लेखी दिले, की त्यांनी तपासलेले पाणी चांगलेच होते, परंतु नमुना भरणाऱ्या बाईंकडून चुकून बाटल्या बदलल्या गेल्या असाव्यात. म्हणजे त्या एका दुपारी तिने दोन चुका केल्या असे ठरले. बाटली भलत्याच टाकीची आणली, आणि त्या बाटलीचेही टायट्रेशन धड केले नाही. सगळे खापर तिच्या डोक्यावर फुटले. टेबल गेले, बढती गेली. भावाने तो अहवाल कुठूनसा मिळवून वाचला आणि त्यानंतर तिच्याशी बोलणे टाकले. भाचीचे लग्न झाल्याचे तिला शेजारणीकडून कळले.

बाटल्या बदलल्या नव्हत्या हे ती कुणालाही छातीठोकपणे सांगू शकली असती. पण त्या दुपारी आपला हात बरोबर होता का, हे तिचे तिलाच ठरवता येत नव्हते. कधी वाटे, थेंबसाहेबांचाही एकदा थेंब चुकला आणि तो झाकायला त्यांनी मला बळी दिले. कधी वाटे, नाही, त्यांचा कसा चुकेल, माझाच चुकला असणार. या दोन टोकांत अकरा वर्षे तिचा जीव हेलपाटत राहिला होता. डूख मात्र पक्का होता. आईचा फोटो पुसताना, भावाच्या घरावरून बस जाताना, ब्युरेटा धुताना तो वाढत गेला. तिला फार काही नको होते. साहेबांच्या आकड्यावर एकदा लाल रेघ पडावी, चारचौघांत पडावी, आणि ती तिने पाहावी.

साडेनऊला ती बाटली घेऊन साहेबांच्या खोलीत गेली. नियम असा, की मुख्य रसायनतज्ज्ञाने प्रत्येक नव्या बाटलीची ताकद स्वतः तीनदा तपासायची आणि मगच लेबलावर सही करायची. प्रत्यक्षात साहेब बाटलीकडे न बघता सही करत. अख्ख्या प्रयोगशाळेला हे माहीत होते आणि अख्खी प्रयोगशाळा मूग गिळून बसली होती. एवढ्या मोठ्या हाताच्या माणसाने लेबलांचा कंटाळा केला तर त्यात काय वावगे, असेच तिलाही वाटत आले होते. आज त्या कंटाळ्यावरच तिची सगळी मदार होती. साहेब निवृत्तीच्या समारंभाच्या यादीत गुंतले होते. त्यांनी डाव्या हाताने बाटली फिरवली, उजव्या हाताने सही ठोकली आणि म्हणाले, की लिहिणारा आज रजेवर आहे, तेव्हा दुपारी वाचने तूच उतरव. तू मान खाली घालून लिहितेस, मध्येमध्ये बोलत नाहीस, ते बरं असतं.

ती हो म्हणाली. बाहेर येऊन तिने बाटली टेबलाच्या मधोमध ठेवली.

तपासनीस बाई दोन वाजता आल्या. पस्तिशीच्या, खांद्याला जड पिशवी, चपला रबरी. आल्याआल्या त्यांनी तराजू पाहिला, शीतपेटीतल्या तापमानाची वही पाहिली, दोन मुदत उलटलेल्या बाटल्या बाजूला काढायला लावल्या. मग म्हणाल्या, की आता रोजचं साधं एक टायट्रेशन दाखवा, म्हणजे झालं. साहेबांनी बाह्या दुमडल्या. थेंबसाहेबांचे शेवटचे टायट्रेशन म्हणून बाकीची मंडळीही हातातली कामे टाकून दाराशी येऊन उभी राहिली.

चाचणी अगदी सोपी होती. नेमक्या ०.१ ताकदीचे आयोडीन वीस मिलिलिटर घ्यायचे. थायोसल्फेटची ताकद लेबलाप्रमाणे असेल तर त्याचेही वीसच लागायला हवे. विसाला वीस. द्रावण पातळ असेल तर जास्त लागणार. द्रावणबाईंनी कागदावर कधीच हिशेब करून ठेवला होता: बावीस पूर्णांक दोन. तो आकडा आला की साहेब गडबडणार, पुन्हा करणार, पुन्हा तोच येणार. बाई लेबल बघतील, लेबलावर साहेबांची सही बघतील, आणि विचारतील की ही ताकद तुम्ही कधी तपासली. तिने रेघांची वही पुढे ओढली आणि पेन उघडून बसली.

साहेबांनी ब्युरेट द्रावणाने विसळून शून्यापर्यंत भरली, टोकाशी अडकलेला बुडबुडा काढला, चंबूखाली पांढरी फरशी सरकवली. हात अजून देखणा होता. तोटीवर डावा, चंबूच्या मानेवर उजवा. पिवळा रंग फिका होत गवताच्या काडीसारखा झाला तसे त्यांनी स्टार्च घातले, चंबू गर्द निळा झाला. मग थेंब. चंबू गोल फिरत राहिला. एका थेंबाला निळा रंग गेला तो गेलाच, खाली स्वच्छ पाणी. दाराशी कुणीतरी पसंतीचा हुंकार दिला. रंग गेला हे खोलीतल्या सगळ्यांनी पाहिले.

साहेब कमरेत वाकले, डोळा नळीशी नेला.

"वीस पूर्णांक शून्य."

पेन चालले. २०.० लिहून झाल्यावर तिच्या डोक्यात शिरले की आपण काय लिहिले. पहिला विचार आला तो स्वतःच्या हाताचाच. नऊशे मोजले नसतील. भलताच चंबू घेतला असेल. बाटली चुकीची आणली असेल. अकरा वर्षांत तिला सवयच लागली होती, काहीही झाले की आधी स्वतःला उलटतपासायचे. मग तिने मान वर केली. ती साहेबांच्या डाव्या हाताला, ब्युरेटपासून दीड हातावर बसली होती. द्रावणाचा बाक बाविसाच्या रेघेच्या खाली होता. बसल्या जागेवरून दशांश दिसत नव्हता, पण वीस आणि बावीस यांतला फरक कळायला तिला वाकायची गरज नव्हती.

साहेबांनी तोटी उघडून उरलेले सांडून दिले आणि ब्युरेट पुन्हा भरली.

ते दुसरे करत असताना तिचे लक्ष चंबूवर नव्हतेच. ती त्यांचा चेहरा बघत होती. पुन्हा पिवळा, पुन्हा निळा, पुन्हा स्वच्छ. साहेब वाकले. त्यांचा डोळा बाकाच्या बरोबर समोर होता, जसा असायला हवा तसा. समोर बावीस पूर्णांक दोन होते, ते त्यांना दिसत होते. त्यांची पापणी लवली नाही, जीभ अडखळली नाही, कपाळावर आठीसुद्धा आली नाही.

"वीस पूर्णांक शून्य," साहेब म्हणाले आणि बाईंकडे बघून थोडे हसले.

बाईही कौतुकाने हसल्या. द्रावणबाईंनी या वेळी काहीच लिहिले नाही. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ते तिला या क्षणी अक्षरशः कळले. हा माणूस गडबडला नव्हता. ज्याला आकडा चुकलेला बघून धक्का बसतो असा हा माणूस नव्हताच. तीन वाचने दशांशापर्यंत सारखी का येतात, हे कोडे तीस वर्षे कुणाला पडले नव्हते, आणि उत्तर इतके साधे होते की तिला हसू आले असते. रंग सगळ्यांना दाखवायचा. आकडा एकट्याने वाचायचा.

साहेब तिसऱ्यांदा ब्युरेट भरू लागले.

"बाई," ती म्हणाली, "नियमाप्रमाणे तिसरं वाचन दुसऱ्या माणसाच्या डोळ्यांनी घ्यायचं असतं. तुम्ही घ्याल का?"

असा नियम खरोखरच होता. छापील पुस्तकात होता, अकराव्या पानावर. साहेबांच्या बाबतीत तो पाळायची गरज कुणाला वाटली नव्हती. साहेब म्हणाले की राहू दे, बाईंना कशाला वाकायला लावतेस. पण बाई एव्हाना उठल्याही होत्या. बसून बसून पाय आखडलेत, तेवढंच, म्हणाल्या. साहेबांना टायट्रेशन पुरे करावे लागले. रंग गेला. बाई वाकल्या, चष्मा वर सारला, पुन्हा खाली घेतला आणि दुसऱ्या बाजूने जाऊन आणखी एकदा वाकल्या.

"बावीस पूर्णांक दोन."

दाराशी उभी असलेली मंडळी एकाएकी आपापल्या कामांची आठवण होऊन पांगली.

"द्रावण बिघडलेलं दिसतंय," साहेब म्हणाले.

"असेल," बाई म्हणाल्या. "मग तुम्हाला त्यातून दोनदा वीस कसं आलं?"

साहेबांनी चष्मा काढून बाहीला पुसला. तो स्वच्छच होता. बाईंनी लेबल वाचले, सही वाचली, वही पुढे ओढून त्यातले एक वाचन आणि एक रिकामी ओळ पाहिली. मग पिशवीतून लाल पेन काढले, २०.० वर सरळ रेघ मारली आणि वरिष्ठांना फोन करायला बाहेर गेल्या.

रेघ पडली. चारचौघे नव्हते, पण पडली आणि तिने पाहिली. छातीत काहीतरी निवायला हवे होते, ते निवले नाही. दोघेच उरले होते, मध्ये ब्युरेट. साहेब स्टुलावर बसले.

"तूच केलंस ना?"

"हो."

"किती घातलंस?"

"नऊशेला शंभर."

"नीट मोजलंस," साहेब म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. मास्तराने वही तपासून द्यावी तसे म्हणाले.

तिने अकरा वर्षे जपून ठेवलेली सगळी वाक्ये त्या वेळी आठवायला हवी होती. आंघोळ करताना, बसथांब्यावर, भांडी घासताना पाठ केलेली, एकाहून एक धारदार. त्यांतले एकही आठवले नाही. तिने फक्त विचारले, की टेकडीवरच्या टाकीचं पाणी केलंत तुम्ही, त्या दिवशी ब्युरेटवर किती होतं.

आठवत नाही असे ते म्हणतील अशी तिची खात्री होती. साहेबांनी मात्र फार वेळ घेतला नाही.

"तुझाच आकडा आला होता."

तिने उघड्या पेनाला टोपण लावले.

"शनिवार होता," साहेब म्हणाले. "खरा लिहिला असता तर टाकी बंद करायची, सगळ्यांना परत बोलवायचं, वस्तीत टँकर लावायचे. म्हटलं, एक दिवसाने काय होतंय. सोमवारी बघू."

"सोमवारी बघितलंत?"

"सोमवारी पाणी चांगलं होतं," साहेब म्हणाले.

म्हणजे हात बरोबर होता. दोन्ही वेळा बरोबर होता. अकरा वर्षे ज्यासाठी जीव टांगणीला लागला होता ते एका वाक्यात हातात पडले, आणि त्याचे काय करायचे ते तिला समजेना. साहेब चुकले होते असे धरून ती चिडली होती. चुकणाऱ्या माणसावर चिडायला जेवढा राग लागतो तेवढाच तिने साठवला होता, आणि तो आता अपुरा पडत होता. शिवाय त्या रागाचा एक तुकडा भलतीकडेच वळला. आईला पहिला फोन केला तेव्हा ती बरोबर होती. दुसरा फोन कुणी करायला लावला नव्हता. साहेबांनी रेघ मारली होती कागदावर. आईला उकळू नकोस असे सांगितले होते ते तिने. दोनदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले सोडून तिने एकदा ऐकलेले खरे मानले होते. मघाशी, अर्ध्या तासापूर्वी, २०.० लिहितानाही तेच केले होते.

बाई परत आल्या त्या हातात छापील कागद घेऊनच. साहेबांना त्यांनी शेजारच्या खोलीत बसून वेगळे लिहून द्यायला सांगितले. साहेब उठले, दुमडलेल्या बाह्या सोडल्या, बटणे लावली आणि गेले. जाताना त्यांनी सवयीने ब्युरेटची तोटी बंद आहे ना ते पाहिले.

मग बाईंनी कागद तिच्यासमोर ठेवला. द्रावणाच्या ताकदीत फरक का पडला, याचे कारण बनवणाऱ्याने स्वतःच्या हाताने लिहायचे होते. एकच ओळ होती. बाईंनी खुर्ची जवळ ओढली आणि आवाज खाली आणला. ज्या बाईने नियम काढून तिसरे वाचन घ्यायला लावले, तिच्याबद्दल त्यांना काही तरी कळले असावे, किंवा काही कळून घ्यायचेच नसावे.

"मला तुमच्यावर काही ठपका ठेवायचा नाहीये," त्या म्हणाल्या. "पाणी चुकून जास्त पडलं, एवढंच लिहा. कुणाच्याही हातून होतं. समज मिळेल आणि मिटेल."

"आणि साहेबांचं?"

"त्यांचं मिटणार नाही. त्यांची गेल्या कित्येक वर्षांची वाचनं उघडावी लागतील. त्यासाठी तुमच्या कागदाची गरज नाही."

आठ वर्षांची नोकरी बाकी होती तिची. घराचे भाडे होते, गुडघ्याची औषधे होती. बाई मनापासून सांगत होत्या, आणि शहाणपणाचेच सांगत होत्या. चुकून. सोपा शब्द होता. अकरा वर्षांपूर्वी साहेबांनी तिच्या नावापुढे हाच लिहिला होता, आणि भावाने तो वाचला होता. आयुष्यात एकच गोष्ट तिने ठरवून, जपून, डोळ्यात तेल घालून केली होती. ती तिच्या हातून घडून गेली असे लिहायला तिचा हात उचलेना.

तिने लिहिले: नऊशे मिलिलिटर द्रावणात शंभर मिलिलिटर पाणी मी मुद्दाम घातले.

बाईंनी ते उलट्या बाजूनेच वाचले. मग त्यांनी पिशवीत हात घातला.

"माझ्याकडे दुसरा कोरा कागद आहे," त्या म्हणाल्या. "हवा असेल तर आत्ताच सांगा. एकदा मी सही केली की मग नाही."

"नको," द्रावणबाई म्हणाली. तिने खाली सही केली, पेन बंद केले, तारीख राहिली हे बघून पुन्हा उघडले, आणि तारीख घातली.